उकंडरावांचा कोरडा डोळा

आसेगावच्या उकंडरावांना आजवर कोणी काही शिकवू शकलं नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे. चातुर्मासात दुपारी मारुतीच्या देवळात पोथी वाचण्याचा मान एकोणीस वर्षं त्यांचाच. आवाज चांगला आहे, एवढं मान्य करावं लागतं. बाकी मान्य करण्यासारखं काही नाही.

गेल्या वैशाखात वाशीमला त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नजर साफ झाली. पण महिनाभरात डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपू लागलं आणि पाणी वाहू लागलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "डोळा कोरडा पडलाय. ऑपरेशननंतर असं होतं कधी कधी. कोरडा डोळा टोचतो, म्हणूनच उलट पाणी येतं. हे थेंब दिवसातून सहा वेळा घाला. आणि बाटली दुसऱ्या कोणाला देऊ नका."

इतकं सोपं बोलणंही उकंडरावांना पटलं नाही. देवळाच्या ओट्यावर येऊन ते म्हणाले, "डोयातून धार लागली, अन् बाई म्हन्ते कोरडा! भरल्या विहिरीले कोनी कोरडी म्हन्ते काय?"

ओट्यावरची मंडळी हसली. त्यांचंही ज्ञान विहिरीपुरतंच.

मग तंबाखूची डबी फिरते तशी ती बाटली ओट्यावर फिरू लागली. शेषरावांचा डोळा लाल झाला, घाला थेंब. रामधनच्या डोळ्यात कुटाराचा भुसा गेला, घाला थेंब. उकंडराव डॉक्टरच्या थाटात स्वतःच्या हाताने घालत. स्वतःच्या डोळ्यात मात्र एकही नाही.

त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या, "तुमची औषधी गावाले काहून वाटता? पोथी तोंडावर आली. अक्षर दिसन काय?"

"तुले काय समजते? गप बैस."

आषाढात पोथी लागली. डावा डोळा आधीपासूनच अधू, आणि उजव्याला अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती, पण तसं सांगेल तो उकंडराव कसला? जे पाठ होतं तेच पानं उलटत म्हणत राहिले. चौथ्या दिवशी त्यांनी तिसऱ्या दिवसाचाच अध्याय सुरू केला. पुरुष माना डोलावत होते. त्यातले निम्मे झोपेत.

बायकांतून कस्तुराबाई बोलल्या, "अवो, हा अध्याय तर काल झाला."

उकंडरावांनी पान उलटलं. डोळा पुसला, पुन्हा पुसला. ओळ सापडेना. सगळं देऊळ त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं. शेवटी शेषराव आपल्या सुनेला म्हणाले, "निकिता, बाई, तू वाच."

निकिताने पोथी जवळ ओढली आणि न अडखळता अध्याय पूर्ण केला.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी नवी बाटली आणली. रोज सहा वेळा त्या "वर पाहा" म्हणायच्या आणि उकंडराव मुकाट्याने वर पाहायचे. भाद्रपदापर्यंत डोळा निवळला. पोथी मात्र निकिताकडेच राहिली; गावाला तिचं वाचन समजतं.

उकंडराव आता श्रोत्यांत बसतात. परवा ओट्यावरच्या मंडळींतल्या भाऊसिंगला सांगत होते, "कोरड्या डोयाले पानी येतेच, बाप्पा. मले हे पयलेच माहीत होतं."