पोटात स्फटिक निघालेला नंदी

खारेपाटणच्या काशीराम पाथरवटाला ऐकू येत नव्हतं, आणि हे फक्त त्याच्या बायकोला, यशोदेला ठाऊक होतं. पोरवयापासून घणाचे ठोके ऐकून कान जातात, यात नवल कसलं? नवल हे, की दोघांनी ते इतकी वर्षं लपवलं.

लपवणं भागच होतं. मूर्तीचा दगड निवडताना पाथरवट तो ठिकठिकाणी ठोकतो. काशाच्या भांड्यासारखा वाजला तर उत्तम. बद्द वाजला तर आत पोकळी. तसला दगड देवाला चालत नाही. काशीराम ठोकायचा, आणि भाकरी घेऊन आल्याचं निमित्त करून यशोदा समोर उभी असायची. दगड चांगला असला की ती पदर सारखा करायची. त्याला तेवढं पुरे.

पिठाची गिरणी आली आणि जात्यांना टाकी लावायला त्याला कोणी बोलवेना. अशात, अठ्ठावन्न साली, देवळाचा जुना नंदी भंगला आणि गावाने नवा घडवायचं काम काशीरामला दिलं. ते बिनसलं असतं तर पाथरवट म्हणून त्याला पुन्हा कोणी विचारलं नसतं.

दगड पारखायच्या दिवशी मानकरी आणि गुरव माळावर जमले. यशोदा नेमकी बाजूला बसलेली. देवाच्या दगडावर तिची सावलीही चालणार नव्हती. चार दिवस थांबा म्हणावं तर कारण काय सांगणार? काशीरामने ठोकलं, दगडाला तळवा लावून पाहिला आणि म्हणाला, "खणखणीत आसा." मानकरी दगडाचं कसलं ऐकतात, ते पाथरवटाच्या तोंडाकडे बघत होते.

मी तेव्हा गावच्या शाळेत शास्त्र शिकवत होते. येता-जाता काम बघायला थांबायचे. वशिंड, मानेवरच्या वळ्या, गळ्यातली घुंगुरमाळ, सगळं देखणं उतरलं होतं. आणि पोटाची कड काढताना छिन्नी आत गेली. भोकातून पाहिलं तर पांढरे, जांभळट स्फटिक दाटीवाटीने उभे.

मानकरी आले. त्यांच्यातले थोरले दाजी काशीरामच्या पाठीमागून म्हणाले, "ठोकून बघलं होतंस मा रे?" काशीराम वळला नाही. दाजींनी पुन्हा विचारलं. तरी नाही. मग सगळ्यांना कळलं, आणि नंदीचं काम कोल्हापूरच्या कारागिराकडे गेलं.

हे आत आलं कुठून, असं काशीरामने मला विचारलं. मी ओरडून सांगितलं. अख्ख्या आळीने भूगर्भशास्त्र ऐकलं. हा काळा दगड एके काळी तापलेला रस होता. तो थिजताना वाफेचा बुडबुडा आत अडकला. पुढे खडकातून पाणी झिरपत राहिलं, त्यात विरघळलेली गारगोटी बुडबुड्याच्या भिंतीवर कणाकणाने बसली, आणि स्फटिक मोकळ्या जागेकडे वाढत गेले. लाखो वर्षं लागतात याला.

त्याने माझ्या ओठांकडे नीट पाहिलं. "म्हंजे मी हात लावच्या आधीपासून तो देवाचो नव्हतोच."

मी हो म्हटलं. खोटं बोलून काय मिळणार होतं?

नंदी खाडीत सोडायचं ठरत होतं, तेवढ्यात रस्त्याच्या कामावरच्या इंजिनियरने तो डाकबंगल्यासाठी मागून घेतला. पोटाची खिडकी मोठी कर, कडा घासून गुळगुळीत कर, म्हणाला. काशीरामने निमूट केलं. काम सुबक झालं. डोळे तेवढे कोरायचे राहिले होते. ते कोर म्हटल्यावर मात्र त्याने साफ नकार दिला. "डोळे देवाक. ह्याका कित्याक?"

नंदी तसाच व्हरांड्यात बसला. साहेबांच्या बायका त्याच्या पोटात टॉर्च मारून बघायच्या.

काशीराम रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला. शाळेला पायरी हवी होती. ती त्याच्याकडून घडवून घ्यावी म्हणून एकसष्ट साली मी त्याच्या घरी गेले. यशोदेने मला अंगणातच अडवलं.

"नको, बाई," ती म्हणाली. "आता तो दगडाक हात लावता तो फोडूकच."

पायरी सिमेंटची झाली.