उरलेल्यांच्या यादीत मी

माझे मम्मी-पप्पा एका सोमवारी दुपारी सदेह स्वर्गात गेले, हा निष्कर्ष मी पूर्णपणे शास्त्रीय पद्धतीने काढला होता.

मी लायडन या डच शहरातल्या एका प्रयोगशाळेत प्रथिनांवर संशोधन करते. आमचं घराणं नगरचं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पप्पा भूगोलाचे निवृत्त शिक्षक आणि चर्चमधले हौशी उपदेशक. मे महिन्यात दोघं माझ्याकडे आले आणि अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी प्रार्थनासभेने पप्पांना एका रविवारी संदेश देण्याचं आमंत्रण दिलं. पप्पांनी विषय निवडला: शेवटच्या काळाची भाकितं. बायबलमध्ये जसं लिहिलंय तसंच घडणार, असं त्यांचं ठाम मत. कर्णा वाजणार म्हणजे वाजणार. शेतातल्या दोघांपैकी एक, जो खरा श्रद्धावान तो, सदेह वर घेतला जाणार, म्हणजे त्याचं खुरपं तिथेच पडणार! माझ्या मते हे सगळं रूपक. (माझं मत कोणीही विचारलं नव्हतं. मी ते तरीही दिलं, तीन रकान्यांचा तक्ता करून.)

"पप्पा, तिथे सगळे इंजिनिअर असतात. खुरप्याचं सांगितलंत तर हसतील हो."

"हसू देत. तारू बांधताना नोहाला पण हसलेच होते."

"पण नोहाची गोष्टसुद्धा खरं तर..."

"ती पण रूपक?" मम्मीने लाटणं थांबवलं. "आता देव तेवढा राहिला. त्यालाही घाल तुझ्या तक्त्यात!"

पप्पांनी वही मिटली. "मग तूच दे संदेश," एवढंच म्हणाले आणि न जेवता उठले. माझ्या चाळीस मिनिटांच्या युक्तिवादाने त्यांचा आठवडाभराचा उत्साह संपवला होता. सकाळी माफी मागायचं मी ठरवलं. सकाळी नऊला मीटिंग होती, माफी राहिली.

दुपारी दोनला माझं महत्त्वाचं सादरीकरण होतं आणि टिपणं घरी विसरली होती, म्हणून मी सायकल काढली. वाटेत बारा वाजता भोंगा झाला. या देशात महिन्याच्या पहिल्या सोमवारी धोक्याच्या भोंग्याची चाचणी होते. सहा वर्षांत कान इतके सरावले होते की मी त्यावर फक्त घड्याळ जुळवलं आणि पॅडल मारत राहिले.

बारा वीसला मी तळमजल्यावरच्या आमच्या घराचं दार उघडलं. आत कोणी नव्हतं.

"मम्मी? पप्पा?"

चपलांचे दोन्ही जोड दाराशी. दोन्ही फोन टेबलावर. घराची किल्ली आतल्या खुंटीला, आणि दार तर बंद होतं! पोळपाटावर अर्धी लाटलेली पोळी, शेजारी मम्मीचा चष्मा. पेल्यातल्या पाण्यात पप्पांची कवळी. (पप्पा कवळीशिवाय दूधवाल्यालासुद्धा दार उघडत नाहीत.) मी चहाच्या कपात बोट बुडवलं. कोमट! म्हणजे घटना ताजी होती.

आणि पिठाने माखलेल्या त्या पोळपाटाकडे पाहताना मला बायबलमधल्या जात्यावर दळणाऱ्या दोघी बायका आठवल्या. त्यांच्यातली एक वर घेतली जाते, दुसरी मागे उरते. रूपक आहे, मी स्वतःला बजावलं. मग आणखी एकदा, मोठ्याने. मग मी स्वयंपाकघर ते दार अशा फेऱ्या मारू लागले. माझे पप्पांशी शेवटचे शब्द कोणते होते? "तुमच्या संदेशाला आधार नाही, पप्पा." हे ऐकून ते गेले!

अशा वेळी सामान्य माणूस रडतो. मी प्रयोग मांडला. आमच्या घराण्यातून एकच व्यक्ती वर जाणार असेल, तर ती दिवसरात्र प्रार्थना करणारी शांताआत्या. मी नगरला फोन लावला. उत्तर नाही. अकरा वेळा लावला. अकरा वेळा उत्तर नाही!

आता तुलनेसाठी असा नमुना हवा होता, जो खात्रीने मागे उरेल. सॅमकाका! हा गृहस्थ चर्चला फक्त नाताळात जातो, तोही केकपुरता. पहिल्याच रिंगला त्याने फोन उचलला.

"काय गं बेबी, चार वर्षांनी काकाची आठवण?"

"काका... तुम्ही आहात?"

"आहे की! मी कुठे जाणार?"

"तेच ना," म्हणून मी हुंदका दिला आणि फोन ठेवला. गृहीतक सिद्ध झालं होतं.

मी पायमोजांवरच रस्त्यावर धावले. "पप्पा! मला माफ करा, पप्पा!"

आणि आकाशातून आवाज आला: "बेबी! अगं, इकडे! वर ये!"

खरं सांगते, गुडघे टेकले मी. मग मान वर केली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून पप्पा वाकून पाहत होते. दातांशिवाय. हातात बिस्किट.

वर राहणाऱ्या योकबाईंच्या घरी उलगडा झाला. "हा देश समुद्रसपाटीच्या खाली," पप्पा वर्गात शिकवावं तसे म्हणाले. "भोंगा झाला म्हणजे बांध फुटला असणार. इथे डोंगर नाही, म्हणून वरचा मजला. सामानाला थांबायचं नसतं. तुझी प्रयोगशाळा पाचव्या मजल्यावर, तेव्हा तुझी काळजी नव्हती. साधा भूगोल आहे!"

"आणि दार मागे आपोआप बंद झालं," मम्मी म्हणाली. "तुझा नंबर कोणाला पाठ आहे? बाई चांगल्या आहेत गं. कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं, आणि डबा लगेच बंद! पण तू रस्त्यात माफी कसली मागत होतीस?"

"काही नाही."

तेवढ्यात फोन वाजला. शांताआत्या. "महिला मंडळाच्या प्रार्थनेला होते, फोनचा आवाज बंद होता. अकरा मिस्ड कॉल! कोण गेलं?"

मग सगळं सांगावंच लागलं. पप्पा इतके हसले की योकबाईंनी न मागता बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला.

"म्हणजे आमचं खुरपं पडलं असं वाटलं तुला?" पप्पांनी डोळे पुसले. "बरं, आम्ही गेलो. आत्या गेली. सॅम उरला. आणि तू?"

"मी उरलेच होते ना."

"ते तपासून पाहिलंस?"

"नाही, पप्पा. ते मी गृहीत धरलं."

दोनचं सादरीकरण मी लाल नाकाने केलं. सर्दी समजून कोणी प्रश्न विचारले नाहीत. संध्याकाळी पप्पांची वही मी स्वतः त्यांच्यासमोर उघडून ठेवली आणि तक्ता कचऱ्यात टाकला. रविवारी त्यांनी खुरप्यासकट संदेश दिला. इंजिनिअर हसले, पण खुरप्याला नव्हे. उदाहरण म्हणून पप्पांनी माझी गोष्ट सांगितली होती, कवळीचा तपशील वगळून.

सभेचं चित्रण नगरलाही पोचलं. मी कोणत्या कारणासाठी फोन केला होता हे सॅमकाकाला त्यातून कळलं. तो दुखावला असेल या भीतीने मी त्याला लांबलचक क्षमापत्र लिहायला बसले होते, तोच त्याचा निरोप आला: "एकटा पडेन अशी धास्ती होती, बेबी. आता तुझी सोबत आहे."