चौथी खुंटी

वसई-विरार परिसरातील तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, खुंटीला जात असते. भिंतीतल्या खुंटीला. स्टीलच्या, न गंजणाऱ्या, स्क्रूने पक्क्या बसवलेल्या खुंटीला. कुणाचा विश्वास नसेल त्याने खुशाल हसावं. मीही हसतोच. फक्त हसताना हल्ली हात पोटावर जातो.

एका हृदयाच्या हॉस्पिटलात, कॅथलॅबच्या दाराशी, अशा चार खुंट्या होत्या. कॅथलॅब म्हणजे जिथे मनगटातून बारीक नळी सरकवत थेट हृदयापर्यंत नेतात ती खोली. नळी कुठवर पोचली ते बघायचं तर क्ष-किरण चालू ठेवावे लागतात. ते यंत्र फिरवायचं, चित्र नीट आणायचं, डॉक्टरांच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि तारा-नळ्या हातात द्यायच्या, हे माझं काम. मी रेडिओलॉजीचा टेक्निशियन. पेशंट येतो, अर्धा तास झोपतो, जातो. आम्ही रोज तिथेच. म्हणून अंगावर शिशाचा एप्रन. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत. एखादं गुटगुटीत पोर दिवसभर गळ्यात लटकावं, तसा.

पहिला दिवस. सकाळी सरांनी, म्हणजे कॅथलॅबच्या मोठ्या डॉक्टरांनी, नाव विचारलं. मग आडनाव. मग गाव. मी दापोलीकडचा. मग वाडी कोणती ते विचारलं. कोकणातल्या माणसाला वाडी विचारली की पुढचं काही विचारावं लागत नाही. मी सांगितली. सर म्हणाले, "अच्छा."

पहिली केस गास गावच्या एका बागायतदार काकांची. झकास झाली. काका टेबलावरून उठताना मला म्हणाले, "देव बरं करो." मी घामाने थबथबलेला बाहेर आलो. तीन खुंट्यांवर नावांच्या पट्ट्या. एक सरांची, एक दुसऱ्या डॉक्टरांची, एक भूल देणाऱ्या मॅडमची. चौथी रिकामी. माझ्या आधीचा टेक्निशियन तिथेच अडकवायचा. त्याचं आडनाव वेगळं होतं, हे मला नंतर कळलं. मी अडकवला.

सर हात धूत होते. आरशात त्यांना दिसलं. नळ बंद केला. हात पुसले, सावकाश, एकेक बोट. आले. आणि माझा एप्रन दोन बोटांनी उचलला. आता, शिशाचा एप्रन दोन बोटांनी उचलता येत नाही हो! प्रयत्न करून बघा. बोटं मोडतील. पण त्यांनी उचलला. केवढी ती किळस, आणि केवढं तिचं बळ!

माझ्या हातांवर टाकला.

"तुझा स्टुलावर. घडी घालून."

मग सफाईच्या पार्वतीमावशींकडे वळून, "मावशी, ती खुंटी स्पिरिटने पुसून घ्या."

आवाज चढला नाही. चेहरा शांत. दोन सिस्टर होत्या, त्यांनी फरशी बघितली. मावशींनी बोळा भिजवला आणि खुंटी पुसली. स्पिरिटचा तो गार वास. इन्फेक्शनचं कारणसुद्धा दिलं नाही सरांनी. माझ्यासाठी बहाणा शोधण्याचीही तसदी नाही.

मी घडी घातली.

का घातली? या ठिकाणी सभागृहात शांतता हवी. कारण कॅथलॅबच्या दारावर लाल अक्षरांत 'प्रवेश निषिद्ध' लिहिलेलं असतं, आणि आमच्या सगळ्या खानदानात अशी पाटी असलेल्या दारातून आत जायची परवानगी मिळालेला मी पहिला होतो. ते दार मला सोडायचं नव्हतं. बस. एवढंच.

आता ऐका. शिशाचा एप्रन अडकवायचा असतो. घडी घालायची नसते. हे टेक्निशियनला पहिल्या वर्षी शिकवतात, डॉक्टरलाही ठाऊक असतं. घडी घातली की आतला शिशाचा थर मोडतो. वरचं कापड तसंच राहतं, निळं, गुळगुळीत. बाहेरून काही दिसत नाही. अंगात घालणाऱ्यालाही काही वाटत नाही. किरणांना वास नाही, रंग नाही, चटका नाही. दारावरचा लाल दिवा लागतो, विझतो. दुपारी भूक लागते. संध्याकाळी नालासोपाऱ्याला घरी जाऊन माणूस भाजी निवडतो. काहीच दुखत नाही.

काहीच दुखत नाही, हे लक्षात ठेवा.

वर्षं गेली. रोज अडकवायच्या जागी घडी. रोज त्याच रेषेवर, बेंबीखाली. ती सवय इतकी अंगात मुरली की घरी टॉवेल वाळत घालतानाही मी घडी घालायचो. बायको ओरडायची, "अहो, ओला आहे तो!"

मधल्या काळात मी नट म्हणून मात्र सुधारलो. आमच्या विहारात जयंतीला नाटक होतं. मी दरवर्षी जमीनदार. आधी मी मिशा पिळून गर्जना करायचो आणि पोरं खिदळायची. मग एका वर्षी मी जमीनदार सरांसारखा केला. हळू आवाज. बोटं पुसत. "तू बाहेर बस हं." खिदळणं बंद. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी पदर तोंडाला लावले. टाळ्या कडाडून पडल्या आणि मी विंगेत जाऊन ओकलो.

कॅथलॅबमध्ये एप्रन तपासायची रीत असते. एप्रन टेबलावर पसरायचा, सगळ्यांनी बाहेर यायचं, यंत्र चालू करायचं आणि काचेमागून पडद्यावर बघायचं. शाबूत एप्रन पडद्यावर काळाकुट्ट दिसतो. तडा असेल तिथे पांढरी रेघ. तपासणी दरवर्षी व्हायची आणि मीच करायचो. पट्टीवाले तीन एप्रन. माझा घेतला की सर म्हणायचे, "तो राहू दे. चालतो तो."

एका दुपारी चिंचोटीहून येणारा पेशंट रस्त्यात अडकला. सर त्यांच्या केबिनमध्ये. खोली रिकामी. मी माझा एप्रन टेबलावर पसरला. हात फिरवून सुरकुत्या काढल्या, पलंगावर चादर घालतात तशा. बाहेर आलो. पार्वतीमावशी बादली घेऊन काचेपाशी उभ्या होत्या. मी बटण दाबलं.

छाती काळी. खांदे काळे. टेबल हळूहळू सरकवलं. बेंबीखाली आलो.

पांढरं. एक रेघ नव्हे. आडवी एक ठसठशीत, आणि तिला फुटलेल्या असंख्य. खाली, वर, मांडीपर्यंत.

मावशींचा अर्धा जन्म नायगावकडच्या मिठागरावर गेलेला. त्या काचेला नाक लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या आगरातली जमीन पानी आटल्यावर तडकते ना भाऊ, तशी दिसते. कोनाची रं ही?"

"माझी, मावशी."

त्यांनी स्टुलाकडे बघितलं. मग खुंटीकडे. बादली खाली ठेवली.

"मी पुसलेली. माज्या हातान."

मी पडद्यावर बघत होतो. इतकी वर्षं लोकांची हृदयं या पडद्यावर बघितली. कुठे अडलंय, कुठे बंद झालंय, लांबून सांगायचो. आज माझी घडी दिसत होती. मी घातलेली. त्यांनी घालायला लावलेली.

चित्र पडद्यावर तसंच ठेवून मी सरांना बोलावलं. ते आले. चष्मा कपाळावर चढवून बघितलं. मी त्यांचा चेहरा बघत होतो. मी नट आहे, मला आश्चर्य ओळखता येतं. तिथे आश्चर्य नव्हतं. एवढंसुद्धा नव्हतं.

म्हणाले, "तुझी मुलं झाली ना? मग काय प्रॉब्लेम आहे?"

आणि चष्मा खाली घेऊन गेले.

इतक्या वर्षांत मला वाटायचं, या माणसाला मी दिसत नाही. नाही हो. दिसत होतो. आरपार दिसत होतो. मी कुठे तडकतोय ते ठाऊक होतं, आणि ते त्यांना चालत होतं.

त्या संध्याकाळी मी टॉवेल झटकला आणि दोरीवर पूर्ण पसरला. बायकोने माझ्याकडे बघितलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मला नोटीस मिळाली. मी उत्तर दिलं, पडद्यावरचं चित्र जोडून. नवा एप्रन आला. चौथ्या खुंटीवर आता माझी पट्टी आहे. नाव, आडनाव, दोन्ही, ठळक अक्षरांत. ती दोनदा कुणीतरी सोलली. मी दोनदा लावली. तिसऱ्यांदा सोलली तर तिसऱ्यांदा लावीन. माझ्या पोटात काय रुजलंय, रुजलंय की नाही, मला माहीत नाही. तपासण्या करतो. रिपोर्ट साफ येतात. पाकीट उघडतो, मग पुढचे काही महिने बरे जातात. यातून सुटका नाही. पण घडी आता नाही. एप्रनची नाही, माझी तर नाहीच.

आणि ही नोटीस, ही पट्टी, हे सगळं ज्या सकाळी सुरू झालं, ती सकाळ अजून सांगायची राहिलीय.

पहिली केस ठरलेली होती, साधी अँजिओग्राफी. पेशंट अजून वॉर्डात, घाई काही नाही. ती वेळ मी मुद्दाम निवडली. झटका आलेला माणूस टेबलावर असता तर मी तोच तडकलेला एप्रन घालून धावलो असतो. सरांना हे ठाऊक होतं. त्यांची सगळी भिस्त त्यावरच होती.

सर आले तेव्हा मी दाराशी उभा होतो. त्यांचा एप्रन घालून. छातीवर त्यांचं नाव भरतकामाने काढलेलं. पहिल्या खुंटीला, त्यांच्या पट्टीखाली, माझा जुना.

"माझा एप्रन?"

"मी घातलाय, सर."

"काढ."

"नाही."

माझ्या आयुष्यात इतका छोटा संवाद मी कधी म्हटला नाही. दोन्ही सिस्टर होत्या. यावेळी त्यांनी फरशी बघितली नाही. मी म्हणालो, "तुमच्या खुंटीला आहे तो घाला. चालतो तो. तुमचीही मुलं झालीत."

सरांनी खुंटीवरचा एप्रन उतरवला. दोन बोटांनी नाही. दोन्ही हातांनी, अंगापासून लांब धरून. घातला नाही. ते घालणार नव्हतेच, आणि ते आता सगळ्यांना दिसत होतं. वजनाने त्यांचे हात खाली यायला लागले. खुंटीकडे वळले, थबकले. माझ्याकडे, सिस्टरकडे बघितलं. कपाळावर घाम.

"मग हा ठेवू कुठे?"

आणि मागून, पोछा मारता मारता, मान वरही न करता, पार्वतीमावशींच्या तोंडून निघून गेलं:

"स्टूल रिकामं हाय ना, डाक्तर. घडी घालून ठेवा."