ऑर्गन थांबेपर्यंत

सकाळी लेकाने मोबाईलवर गाणं लावलं आणि पोळी लाटता लाटता माझा हात थांबला. माझ्या कॉलेजातल्या कॅसेटवरचा तोच गायक! आता पार म्हातारा झालाय, बँड केव्हाच मोडलाय, हा अल्बम त्याचा एकट्याचा. आवाज थकलाय, पण सुरुवातीचा ऑर्गन तसाच.

त्या ऑर्गनने मला माहेरच्या, भिंगारच्या क्वार्टरमध्ये नेऊन उभं केलं. देवळाली प्रवऱ्याची मंडळी मला बघायला आली होती. मला कॉलेज पुरं करायचं होतं, पण विचारतंय कोण? पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून पप्पांनी टेप सुरू केला. आत माझी इंग्रजी कॅसेट राहिली होती. चर्चमधल्यासारखा ऑर्गन घुमला आणि पप्पा ताडकन उठले.

"उठा, उपासनेचं गीत हाय."

सगळे माना खाली घालून उभे राहिले. गीत संपल्याशिवाय बसायचं नाही, ही आमच्या चर्चची रीत. आणि त्या बँडचं एकच गाणं कॅसेटची अख्खी बाजू खायचं, हे फक्त मला ठाऊक! बशीतले पोहे गार झाले. पुढे माझ्या सासूबाई झालेल्या बाई पुटपुटल्या, "लई मोठं गीत हाय!"

मीही मान वर केली नाही. ते चालू होतं तोवर मला कुणी काही विचारणार नव्हतं.

मग खट्कन बटण वर आलं. "आमेन," पप्पा म्हणाले. "बसा. ठरलं मग."

आजचं गाणं मात्र लगेच संपलं.

"पोळ्या झाल्या का?" बाहेरून यांनी विचारलं.

मी लेकाला म्हटलं, "परत लाव." लाटणं खाली ठेवलं आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, "थांबा. गीत चालू हाय."