पुढच्या दाराची पोती

काकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतला, हॉटेलाच्या धुलाईखोलीत चादरींच्या घड्या घालत होतो. फोन मंदाचा, माझ्या बहिणीचा. माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "पाणी भरला काय?" ती म्हणाली, "पाणी खंय रे… सगळा कोरडा आसा. झोपेत गेली." मी चादरींच्या ढिगावरच बसलो. रडू नंतर आलं, आधी सुटल्यासारखं वाटलं.

मालवणात आमचं घर समुद्र आणि बाजार यांच्यामध्ये. आठवीत शाळा सोडून मी कामाला लागलो, पुढे इतक्या लांब आलो. इथे टिकलो तो काकीच्या जिवावर. आईचे पाय गेले, तेव्हापासून तिला उठवणं-बसवणं काकीच करायची. दर वैशाखात, उधाणाच्या धास्तीने, समुद्राकडच्या पुढच्या दाराला रेतीची पोती लागायची आणि आईची खाट मागच्या, बाजाराकडच्या खोलीत जायची. आम्हाला भीती समुद्राची, बाजाराकडे आम्ही पाठ करून निर्धास्त. गेल्या वर्षी सुट्टीवर होतो, तेव्हा पोती मीच रचली… अगदी घट्ट.

मी मस्कतला परतलो आणि त्याच आठवड्यात वळवाचा ढग आला. एरवी असा ढग गडगडून पुढे जातो. हा बाजारावर थांबला तो थांबलाच. दुपारभर ओतला, गटारं तुंबली आणि पाणी मागच्या दाराने थेट आईच्या खोलीत. बाहेर जाणार कुठून, पुढे पोती. मंदा तेव्हा कुडाळला, सासरी. मी फोन कानाला धरून उभा. आईचा आवाज आला, "गो, खाटेक लागला पाणी…" मग काकीचं धापा टाकणं, काहीतरी ओढल्याचा आवाज. मी नुसता "काकी, काकी" करत होतो. बऱ्याच वेळाने ती फोनवर आली. "ओरडा नको. आवशीक पडवेत बाकड्यार ठेवलंय. पोती काढून टाकलंय. आता बाजार आपल्या घरातसून दर्यात चल्लो. एक चप्पल गेली, दोन टोपल्यो गेल्यो. तुका काय होया तर सांग, धरून ठेवतंय." मागे आई हसत होती. तेवढं ऐकलं आणि मी पुन्हा कामाला लागलो.

त्यानंतर मंदा आईजवळ राहायला आली, ती आजही आहे. तेवढा घोर नाही.

काकीच्या बाराव्याला जाऊन आलो. पोती आता मागच्या दाराला आहेत. एकच पुढे पडवीत राहिलंय, मधोमध दबलेलं. संध्याकाळी काकी त्यावर बसून आईशी गप्पा मारायची. मी निघायच्या आदल्या दिवशी बाजारावर ढग दाटून आला. मी मागच्या दाराची पोती दाबून पाहिली आणि पडवीत आलो. त्या पोत्यावर टेकणार, तोच बाकड्यावरून आई म्हणाली, "थंय नको, बाबू. ती जागा तिची. खाली बस."

मी खाली बसलो. ढग गडगडला, थोडा रेंगाळला… आणि हलला.