लॅबमधले मामा

पत्नी गेल्यापासून रिकाम्या घरी लवकर जावंसं वाटत नाही. मी शिकवतो भौतिकशास्त्र, पण तास संपले की कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जाऊन बसतो. तिथल्या शिपायाला सगळे मामा म्हणतात. ते कधी खुर्चीवर बसत नाहीत. हात पाठीमागे बांधून मुलांच्या मागून फिरतात. कुणी काही विचारलं की म्हणतात, "मला काय कळतंय बाबा यातलं?" कॉम्प्युटरचे सर रजेवर असताना याच मामांनी एक अडलेला प्रोग्रॅम दोन बोटांनी नीट केलेला मी पाहिला आहे.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिक परीक्षा होती. जळकोटच्या एका मुलीनं प्रयोगवहीतलं पान पाठ करून जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि मशीन पुन्हा पुन्हा चूक दाखवत होतं. दहा मिनिटं उरली होती. ती रडकुंडीला आली.

मामा तिच्या मागं थांबले. "एवढं काय लिहून राहिलीस? मला वाचून तर दाखव."

ती चिडूनच एकेक ओळ वाचू लागली आणि शेवटच्या ओळीवर थबकली. "अगं बाई! मी खालचं उत्तरबी लिहिलं की. ते तर मशीननं सांगायचं असतंय!"

"हाव का?" मामा म्हणाले.

तिनं ती ओळ खोडली. प्रोग्रॅम चालला. बाहेरगावच्या परीक्षकांनी संशयानं विचारलं, "यांनी सांगितलं का तुला?"

पर्यवेक्षणाला मीच होतो. मी हजेरीपत्रक चाळू लागलो.

मुलगी हसली. "मामांनी? न्हाई सर, त्यांना यातलं काहीच येत न्हाई."

मामांनी लगेच मान डोलावली. इतकं समाधान मी बऱ्याच दिवसांत कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.