नात्याचा रकाना

आमच्या गल्लीतल्या भुसारवाल्या आप्पांइतका नात्यांच्या बाबतीत हट्टी माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात सापडायचा नाही. ‘चुलत’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. काकांचा मुलगा तान्हेपणापासून आप्पांच्या आईच्या हाताखाली वाढला, म्हणून तो भाऊ. पुढं विचारायचं काम नाही. लग्नानंतर तीन वर्षं खुद्द आप्पांच्या बायकोला तो सख्खा दीर वाटत होता. एकदा घरच्या लग्नपत्रिकेत त्याचं नाव ‘चुलतबंधू’ म्हणून छापून आलं, तर आप्पांनी साडेचारशे पत्रिका पुढ्यात घेऊन ‘चुलत’ एवढंच काळ्या शाईनं खोडलं. पत्रिका हातात पडल्यावर निम्म्या पाहुण्यांना वाटलं, कुणीतरी वारलं.

हा धाकटा भाऊही कमी नव्हता. उदगीर जिल्हा होणार, कचेऱ्या येणार, साहेबलोक भाड्यानं घर मागणार, या भरवशावर त्यानं तिथं कर्ज काढून दुमजली घर बांधलं. जिल्हा काही झाला नाही, दुष्काळ मात्र आला. बोअर आटल्यावर पाइप कोण घेतो? त्याचं पाइपांचं दुकान बसलं आणि घराचे हप्ते आप्पा भरू लागले.

मी लोकांचे आयकराचे कागद भरून देतो. दोघं माझ्याकडे आले तेव्हा मी समजावलं, “आप्पा, सख्ख्या भावाला कितीही द्या, कर नाही. चुलतभाऊ कायद्यात नातेवाईकच धरत नाहीत. वर्षात पन्नास हजारांच्या वर गेलं की ते यांचं उत्पन्न.”

“मंग कायदा चुकलाय,” आप्पा शांतपणे म्हणाले. “भाऊ हाय तो माझा.”

“उसने दिले असं लिहू या. कर वाचेल.”

“उसनं परक्याला देतेत. भावाला न्हाई.”

नुसतं ‘भाऊ’ लिहिलं आणि उद्या चौकशी निघाली, तर खोटं लिहिल्याचा दंड धाकट्यालाच बसेल, हेही मी सांगितलं. शेजारी साठीला टेकलेला धाकटा मान खाली घालून बसला होता. आप्पांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि नात्याच्या रकान्यात स्वतःच्या हातानं ‘चुलतभाऊ’ लिहिलं.

“कर किती व्हतो ते सांगा. तेबी मीच भरतो.”

त्या रकमेवरही पुन्हा कर लागतो, हे सांगायचा मला धीर झाला नाही. आजवर हजारो रकाने भरले. वाईट त्या एकाचंच वाटलं, अजून वाटतं. जिना उतरताना आप्पा दबक्या आवाजात धाकट्याला म्हणत होते, “घरी आईला सांगू नकोस.”